एनबीए प्लेऑफ २०२५: इंडियाना पेसर्स आणि बाकी सगळं

कोथरूडकर_पेसर
३० एप्रिल २०२५, सकाळी ७:२०

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) पेसर्सची पहिली फेरी आटोपली, मिलवॉकी बक्सना ४-१ ने घरी पाठवलं, आणि आता स्वतंत्र धागा हवाच. आयपीएलच्या धाग्यावर बास्केटबॉलचं लिहिलं की दहा मिनिटांत ते कुठच्या कुठे वाहून जातं. कामानिमित्त माझं इंडियानात, कोलंबस गावी राहणं झालं. पुण्यातल्या कमिन्स कंपनीवाल्यांना हे गाव तोंडपाठ असतं. तिथल्या सहकाऱ्यांनी इंडियानापोलिसला सामन्याला नेलं आणि तेव्हापासून हा संघ माझा.

आज काय झालं ते ऐका. ओव्हरटाइमची जेमतेम चाळीस सेकंदं उरलेली, बक्स सात गुणांनी पुढे. अशा वेळी लोक टीव्ही बंद करून आंघोळीला जातात. आपल्या नेम्बार्डने थ्री (लांबून तीन गुणांचा बास्केट) टाकला. मग आपल्या हॅलिबर्टनने लेअप (टोपलीजवळ जाऊन सोडलेला चेंडू) टाकताना फाउल मिळवला आणि तीन गुण घेतले. मग बक्सच्या हातून चेंडू निसटून बाहेर गेला. आणि शेवटी हॅलिबर्टन साक्षात बक्सच्या जियानिसला चकवून आत घुसला आणि १.३ सेकंद राहिले असताना चेंडू टोपलीत. ११९-११८. संपलं!

याच महिन्यात खेळाडूंच्या एका निनावी मतचाचणीत टायरीस हॅलिबर्टनला लीगमधला सगळ्यात 'ओव्हररेटेड' खेळाडू ठरवलं होतं. बरोबर खेळणाऱ्यांनीच! आज मनाला फार बरं वाटलं.

दोन गोष्टींनी मात्र चव गेली. एक, बक्सच्या डेमियन लिलार्डचं चौथ्या सामन्यात टाचेमागचं अकिलिस टेंडन तुटलं. चौतीस वर्षांच्या खेळाडूला ही दुखापत म्हणजे करिअरवरच घाला. दोन, सामना संपल्यावर हॅलिबर्टनचे वडील कोर्टवर उतरून जियानिसच्या तोंडाशी जाऊन ओरडले. आनंद समजू शकतो, पण हरलेल्या माणसासमोर असं वागायचं नसतं.

पुढे क्लीव्हलँड कॅव्हलियर्स. ६४ विजय, ईस्टमधला (लीगच्या पूर्व विभागातला) पहिला नंबर. लिहीत राहीन.

फक्त_क्रिकेट
३० एप्रिल २०२५, सकाळी ९:०५

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: ४-१ म्हणजे किती सामने असतात एकूण? आणि एकाच संघाशी इतक्यांदा का खेळायचं?

कोथरूडकर_पेसर
३० एप्रिल २०२५, सकाळी ९:३०

सातपैकी चार जो आधी जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या. एका सामन्यात कोणीही कोणालाही हरवेल, पण त्याच माणसांसमोर एक दिवसाआड उभं राहायचं म्हटलं की काही लपून राहत नाही. तुमची आवडती चाल, तुमचा कच्चा हात, तुमचा थकवा, सगळं समोरच्याला पाठ होतं. म्हणून मला नियमित मोसमापेक्षा प्लेऑफ जास्त आवडतात.

बॉक्सस्कोर
३० एप्रिल २०२५, दुपारी १:१२

अभिनंदन. पण चाळीस सेकंदांत सात गुण भरून काढणं हे कौशल्य नाही, नशीब आहे. बक्सच्या हातून चेंडू सुटला नसता तर आज हा धागा निघाला नसता. कॅव्हलियर्स चिरडून टाकतील.

कोथरूडकर_पेसर
७ मे २०२५, सकाळी ८:१०

@बॉक्सस्कोर, क्लीव्हलँडमध्ये दुसरा सामनाही घेतला. १२०-११९. वीस गुणांनी मागे होतो, शेवटच्या मिनिटातही सातने मागे. हॅलिबर्टनने दुसरा फ्री थ्रो (फाउलमुळे मिळालेला मोकळा शॉट) चुकवला, स्वतःच रिबाऊंड (उसळून परत आलेला चेंडू) ओढून घेतला, बाहेर आला आणि १.१ सेकंद असताना मागे सरकून स्टेपबॅक थ्री. याला तुम्ही परत नशीब म्हणणार, ठाऊक आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आपले प्रशिक्षक कार्लाइल सर दहा माणसं खेळवतात. प्लेऑफमध्ये बाकीचे प्रशिक्षक सात-आठवर येतात, कारण हुकमी माणसं बेंचवर बसवायची भीती वाटते. पेसर्सचे दहाच्या दहा सतत पळतात. टोपलीत चेंडू पडला तरी पळतात, हुकला तरी पळतात. समोरच्याला पूर्ण कोर्टभर गाठतात. पहिल्या तीन क्वार्टरांत त्याचं फळ दिसत नाही. चौथ्यात शेवटच्या चार मिनिटांत समोरच्याचे पाय जड होतात, पास अर्धा फूट मागे पडतो, फ्री थ्रो रिमला लागून बाहेर येतो. 'हातून चेंडू निसटला' असं जे आपण म्हणतो, त्याची सुरुवात आधीच्या अडतीस-चाळीस मिनिटांत झालेली असते.

बॉक्सस्कोर
७ मे २०२५, सकाळी १०:४४

मुद्दा चांगला मांडलात. पण मिचेल वगळता कॅव्हलियर्सचे निम्मे मोहरे जायबंदी आहेत. गार्लंड नाही, मोब्ली नाही, हंटर नाही. तेही मोजा.

कोथरूडकर_पेसर
१४ मे २०२५, सकाळी ८:२५

मोजलं. तरीही ४-१. चौथ्या सामन्यात मध्यंतराला ८०-३९ होतं! समोर पहिल्या नंबरचा संघ असताना.

तिकडे काल न्यूयॉर्कमध्ये बॉस्टन सेल्टिक्सच्या जेसन टेटमचंही अकिलिस गेलं. लिलार्डनंतर टेटम. पाय धरून बसलेला त्याचा चेहरा मला पुन्हा बघवला नाही.

एडिसनची_मृणाल
१७ मे २०२५, संध्याकाळी ६:५०

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीहून लिहितेय, घरात सगळे न्यूयॉर्क निक्सचे भक्त. काल सेल्टिक्सना सहाव्या सामन्यात हरवलं आणि २००० नंतर पहिल्यांदा आम्ही ईस्टच्या फायनलला आलो. २००० साली आम्हाला तिथे कोणी हरवलं होतं, आठवतंय ना? तुम्हीच. हिशेब चुकता करायची वेळ आलीय.

कोथरूडकर_पेसर
१७ मे २०२५, रात्री ८:१५

या, या! निक्स-पेसर्स म्हणजे जुनं वैर. १९९४ साली आमच्या रेजी मिलरने तुमच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये चौथ्या क्वार्टरात २५ गुण ठोकले आणि पहिल्या रांगेतल्या निक्सभक्त दिग्दर्शक स्पाइक लीकडे बघून स्वतःचा गळा आवळून दाखवला. १९९५ मध्ये त्याच गार्डनमध्ये नऊ सेकंदांत आठ गुण. १९९९ मध्ये मात्र तुमचे दिवस होते. मजा येणार.

कोथरूडकर_पेसर
२२ मे २०२५, सकाळी ८:५०

हात थरथरताहेत. टायपो समजून घ्या.

२ मिनिटं ५१ सेकंद शिल्लक, निक्स १४ गुणांनी पुढे, मॅडिसन स्क्वेअर गार्डन डोक्यावर घेतलेलं. आणि मग ॲरन नेस्मिथ. थ्री. परत थ्री. परत. चौथ्या क्वार्टरात त्याने एकट्याने सहा थ्री मारले. हा तोच नेस्मिथ, ज्याला बॉस्टनने ब्रॉगडनच्या सौद्यात दिला होता आणि कोणाला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

शेवटचा बास्केट मी पुन्हा पुन्हा पाहिला, म्हणून तो नीट सांगतो. दोनने मागे. हॅलिबर्टन आत घुसला, वाट बंद दिसली, तो वळून मागे मागे येत थेट थ्रीच्या रेषेपर्यंत आला आणि तिथून फेकला. चेंडू रिमच्या मागच्या कडेवर आदळून सरळ वर उडाला. इतका वर, की बॅकबोर्डच्या वरच्या कडेच्याही पलीकडे. तेवढ्यात बझरचा लाल दिवा लागला. चेंडू हवेतच. खाली उभे असलेले दहाही खेळाडू माना वर करून बघताहेत. आणि तो आला तो थेट आत!

हॅलिबर्टनला वाटलं थ्री झाला, जिंकलो. तो समालोचन करत बसलेल्या रेजी मिलरकडे वळला आणि त्याने स्वतःचा गळा आवळून दाखवला. एकतीस वर्षांनी, त्याच इमारतीत, रेजीच्याच डोळ्यांदेखत. रीप्लेत दिसलं की पाय रेषेवर होता. दोनच गुण. १२५-१२५. ओव्हरटाइम. पण निक्सचं अवसान तिथेच गळालं होतं. १३८-१३५.

एडिसनची_मृणाल
२२ मे २०२५, सकाळी ९:२०

इथे मध्यरात्र होत आलीय आणि घरात कोणी कोणाशी बोलत नाहीये. मुलगा जर्सी न काढताच झोपला. चौदा गुण. तीन मिनिटांत. आपल्या घरच्या कोर्टवर. मला अजून विश्वास बसत नाही. ब्रन्सनने ४३ काढले, टाउन्सने ३५, आणि आम्ही हरलो.

नागपाडा_११
२२ मे २०२५, सकाळी ११:०२

मृणालताई, वाईट वाटलं तुमच्यासाठी, पण काय मॅच झाली! आमच्या नागपाड्यात आज सकाळी मस्तान तलावावर प्रॅक्टिसला पोरं आली ती तो शॉट मारायलाच. सगळे रेषेवरून मागे वळून मागच्या रिमवर फेकताहेत. एकाचाही पडला नाही.

हूझियर_काकू
२६ मे २०२५, सकाळी १०:३०

मी कार्मेलला राहते, इंडियानापोलिसच्या उत्तरेला. हा धागा मुलीने दाखवला. काल शहरात काय होतं म्हणून सांगू! दुपारी इंडी ५०० ही मोटारींची शर्यत आणि रात्री त्याच शहरात निक्सशी तिसरा सामना. शर्यत पावसामुळे थोडी उशिरा सुरू झाली, त्यामुळे शर्यतीवरून थेट पेसर्सच्या फील्डहाउसकडे निघालेल्यांची तारांबळ. उन्हाने लाल झालेले, पिवळे टी-शर्ट घातलेले लोक जथ्याने चाललेले. हरलो मात्र. वीस गुणांची आघाडी घालवली, टाउन्सने एकट्या चौथ्या क्वार्टरात २० काढले. मृणाल, तुझ्या मुलाला सांग, काल तुमचा दिवस होता.

इथल्या लोकांसाठी हा खेळ काय आहे ते बाहेरच्यांना लवकर कळत नाही. मला इथे आल्यावर पहिलं आश्चर्य वाटलं ते शाळांच्या जिमचं. गाव एवढंसं आणि शाळेच्या जिममध्ये बसायला जागा सगळ्या गावाच्या लोकसंख्येहून जास्त. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातली शाळा राज्याची विजेती झाली. शाळेत मुलं होती १६१. समोर मन्सी सेंट्रल ही मोठी शाळा. शेवटचा बास्केट बॉबी प्लंपचा, ३२-३०. सत्तर वर्षं झाली तरी इथली म्हातारी माणसं तो बास्केट काल झाल्यागत सांगतात. अशा राज्याच्या संघाने एनबीएचं विजेतेपद एकदाही जिंकलेलं नाही. जुन्या एबीए लीगमध्ये तीन जिंकले, १९७०, ७२, ७३. एनबीएत शून्य. म्हणून या वर्षी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय.

कोथरूडकर_पेसर
२८ मे २०२५, सकाळी ९:००

काकू, तुमची पोस्ट वाचून कोलंबसच्या शाळेची जिम डोळ्यांसमोर आली. असंच लिहीत राहा.

आजचं: हॅलिबर्टन ३२ गुण, १२ रिबाऊंड, १५ असिस्ट (बास्केट करून देणारे पास), टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) शून्य. शून्य! चेंडू सतत त्याच्याच हातात असतो आणि एकदाही तो समोरच्याला मिळाला नाही. जियानिसच्या त्या प्रकारानंतर लांब ठेवलेल्या वडिलांना आज परत स्टेडियममध्ये येऊ दिलं होतं, तेही शहाण्यासारखे बसले. ३-१.

कोथरूडकर_पेसर
१ जून २०२५, सकाळी ८:३०

फायनल!! १२५-१०८. सहाव्या सामन्यात काम फत्ते. आपल्या सियाकमचे ३१ आणि मालिकेचा मानकरीही तोच. २००० नंतर पहिल्यांदा.

समोर ओक्लाहोमा सिटी थंडर. ६८ विजय, १४ पराभव. पण मला या फायनलमधली वेगळीच गोष्ट खुणावतेय. २०१७ साली पेसर्सचा सगळ्यात मोठा खेळाडू पॉल जॉर्ज म्हणाला, मला इथे राहायचं नाही. पेसर्सनी त्याला दिला कोणाला? ओक्लाहोमाला. बदल्यात आले ओलाडिपो आणि सबोनिस. सगळ्या अमेरिकेने तेव्हा पेसर्सना वेड्यात काढलं. २०२२ मध्ये त्याच सबोनिसच्या बदल्यात सॅक्रामेंटोकडून हॅलिबर्टन आला. आणि ओक्लाहोमाने २०१९ मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवून काय घेतलं? शे गिल्जस-अलेक्झांडर आणि ड्राफ्ट पिकांची (नवे खेळाडू निवडायच्या हक्कांची) रास. त्यातल्याच एका पिकावर जेलन विल्यम्स घेतला. म्हणजे फायनलच्या दोन्ही संघांचं मूळ एकाच माणसाच्या निघून जाण्यात आहे. दोन्ही गावं लहान. तिथे मोठे खेळाडू आपणहून येत नाहीत. आलेल्यातून उभं करावं लागतं, आणि दोघांनीही ते केलं.

नागपाडा_११
१ जून २०२५, दुपारी १२:१५

भाऊ, सबोनिसचं नाव काढलंस आणि २०१९ आठवलं. ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळले होते. एनबीएचे भारतातले पहिले सामने. मी दुसऱ्या दिवशी होतो. पेसर्सनी दोन्ही घेतले, पहिला तर ओव्हरटाइममध्ये १३२-१३१. सराव सामने होते, पण आम्हाला काय त्याचं! सबोनिस होता, मायल्स टर्नर होता. टीव्हीवर टर्नरची उंची कळतच नाही. वॉर्म-अपला तो रिमखाली उभ्या उभ्या हात वर करायचा आणि बोटं जाळीत. आणि मॅककॉनेल, तो आमच्या गल्लीतल्या पोरांएवढाच दिसायचा, पण प्रत्येक लूज बॉलवर आधी हाच. टर्नर आणि मॅककॉनेल अजून संघात आहेत. आता ते फायनल खेळणार म्हणजे आपली माणसं खेळल्यासारखंच आहे.

एडिसनची_मृणाल
४ जून २०२५, पहाटे ५:४०

आमच्याकडची बातमी: निक्सने थिबोडोला काढलं. पंचवीस वर्षांनी ईस्टच्या फायनलपर्यंत नेणाऱ्या प्रशिक्षकाला. मला पटलेलं नाही. पाच माणसांना चाळीस-चाळीस मिनिटं पळवायचा हे खरं, आणि कोथरूडकर म्हणतात तसं तुमच्या दहांपुढे ते पाच दमले, हेही खरं. तरीही ज्याने संघाला पुन्हा मान मिळवून दिला त्याला असं घालवायचं नव्हतं.

कोथरूडकर_पेसर
६ जून २०२५, सकाळी ९:०५

०.३ सेकंद.

४८ मिनिटांत पेसर्स फक्त एकदाच पुढे होते, ते शेवटच्या ०.३ सेकंदांत. १११-११०. त्याआधी २५ टर्नओव्हर, चौथ्या क्वार्टरात पंधरा गुणांची पिछाडी.

शेवटची चाल बघा. एकने मागे. थंडरच्या शेने शॉट घेतला, नेम्बार्ड त्याच्या अंगाला चिकटून होता, शॉट हुकला. नेस्मिथने रिबाऊंड घेतला. अकरा सेकंदांच्या आसपास वेळ. कार्लाइलच्या हातात टाइमआउट होता. शंभरातले नव्वद प्रशिक्षक तिथे टाइमआउट घेतात, फळ्यावर चाल काढतात. कार्लाइलनी घेतला नाही. का? कारण टाइमआउट घेतला की थंडरलाही मिळतो, आणि लीगमधला सगळ्यात चिवट बचाव नीट मांडणी करून उभा राहतो. त्यापेक्षा विस्कटलेल्या बचावावर चालून जा. हॅलिबर्टन उजवीकडून वर आला, केसन वॉलेससमोर थांबला आणि एकवीस फुटांवरून उडी मारून टाकला. ओक्लाहोमाचे अठरा हजार लोक एका क्षणात गप्प.

बक्स, कॅव्हलियर्स, निक्स, थंडर. चार फेऱ्या, चारही फेऱ्यांत शेवटच्या दोन सेकंदांत त्याचा बास्केट. बॉक्सस्कोर, बोला.

बॉक्सस्कोर
६ जून २०२५, सकाळी ११:३०

चौथ्यांदा नशीब म्हणत नाही. म्हणणाऱ्याला खेळ कळत नाही असं होईल. पण २५ टर्नओव्हर करून थंडरविरुद्ध चार सामने जिंकता येणार नाहीत. डॉर्ट, कारूसो, वॉलेस, होल्मग्रेन: असा बचाव मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. दुसऱ्या सामन्यापासून पाहा.

कोथरूडकर_पेसर
१२ जून २०२५, सकाळी ९:१५

दुसरा सामना त्यांनी सहज घेतला, त्यावर लिहिण्यासारखं नाही. तिसरा आपला! ११६-१०७. मॅथरिन बेंचवरून येऊन २७. पण मला लिहायचंय मॅककॉनेलबद्दल. ड्राफ्टमध्ये कोणीही न घेतलेला माणूस. बास्केट झाला की समोरचा संघ बेसलाइनवरून चेंडू आत देतो. तिथे कोणी लक्ष देत नाही, सगळे परत पळत असतात. हा पाठ करून परत निघाल्यासारखं दाखवतो, पास सुटला की गर्रकन वळतो आणि चेंडू पळवतो. आज एनबीए फायनलमध्ये हे पुन्हा पुन्हा केलं! पाच स्टील, पाच असिस्ट, दहा गुण. नागपाड्याच्या पोरांना सांग, शिकायचं तर हे शिका.

नागपाडा_११
१२ जून २०२५, सकाळी ९:४०

आज संध्याकाळपासून सुरू!

हूझियर_काकू
१४ जून २०२५, सकाळी १०:००

जिंकलेला सामना घालवला. शेवटच्या पाच मिनिटांत शेने १५ गुण काढले, बाकी कोणाला काही करताच आलं नाही. २-२. रात्रभर झोप नाही.

कोथरूडकर_पेसर
१७ जून २०२५, सकाळी ९:१०

२-३. जेलन विल्यम्स ४०. त्याला थांबवायला आपल्याकडे कोणी नव्हतं. पण काळजी वेगळीच आहे. हॅलिबर्टनच्या उजव्या पोटरीचा स्नायू दुखावलाय. सहापैकी एकही शॉट पडला नाही, चार गुण, तेही फ्री थ्रोवर. पहिल्या क्वार्टरात आत गेला, पट्टी बांधून परत आला, आणि नंतर पळताना उजवा पाय सांभाळून टाकत होता.

फक्त_क्रिकेट
१७ जून २०२५, सकाळी ११:५०

एप्रिलपासून हा धागा वाचून मीही आता सकाळी उठून बघायला लागलोय. पोटरी दुखावली असेल तर विश्रांती का देत नाहीत? एक सामना सोडला तर काय बिघडतं?

कोथरूडकर_पेसर
१७ जून २०२५, दुपारी १२:१०

पुढचा हरलो तर मोसम संपतो. तो बसणार नाही, आणि त्याला बसवायची कोणाची हिंमत होणार नाही.

कोथरूडकर_पेसर
२० जून २०२५, सकाळी ८:४५

१०८-९१!!! सातवा सामना होणार. हॅलिबर्टन पट्टी बांधून खेळला, मोजकाच, पण त्याचा तो न बघता दिलेला पास आणि सियाकमचा डंक (उडी मारून टोपलीत कोंबलेला चेंडू)! फील्डहाउसच्या छपराला तडे गेले असतील. काकू, तुम्ही होता का आत?

हूझियर_काकू
२० जून २०२५, सकाळी ९:३०

आत नव्हते, बाहेर चौकात मोठ्या पडद्यासमोर. आवाज बसलाय. आता रविवार. देव पाण्यात ठेवलेत.

कोथरूडकर_पेसर
२३ जून २०२५, सकाळी ८:४०

९१-१०३. हरलो.

सुरुवातीला हॅलिबर्टन पेटला होता. तीन थ्री, नऊ गुण. दुखऱ्या पायाने तो इतक्या लांबून टाकत होता की वाटलं आज हा सगळ्या जगाला उत्तर देणार. पहिल्या क्वार्टरची पाच मिनिटं उरली होती. चेंडू घेऊन शेच्या बाजूने आत घुसायला त्याने उजव्या पायावर जोर दिला आणि तो तिथेच कोसळला. कोणाचा धक्का नाही, काही नाही. चेंडू सुटला. तो पालथा पडून तळहाताने फरशी बडवत होता, आणि त्याला कळलं होतं हे आपल्यालाही कळलं. सगळा संघ भोवती उभा राहिला. वडील खाली आले.

त्यानंतर कोणीही संघ मोडून पडला असता. मध्यंतराला पेसर्स ४८-४७ ने पुढे होते. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. ६८ सामने जिंकलेल्या संघासमोर, त्यांच्या घरी, आपला म्होरक्या आत गेलेला, आणि तरी पुढे. तिसऱ्या क्वार्टरात थंडरने वेढा आवळला, ३४-२०. तिथे एकटा मॅककॉनेल किल्ला लढवत होता. मॅथरिनचे २४ गुण आणि १३ रिबाऊंड. शेवटी फरक बाविसापर्यंत गेला, तो त्यांनी दहावर आणला. शेवटच्या मिनिटापर्यंत कोणी पळायचं थांबलं नाही.

थंडरचं मनापासून अभिनंदन. शे २९ गुण, १२ असिस्ट. मोसमाचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) आणि फायनलचाही. ते सरस होते.

हॅलिबर्टन कुबड्या घेऊन बोगद्यात उभा होता, आत येणाऱ्या प्रत्येकाला भेटत होता.

मी आज कामावर उशिरा जाणार आहे.

एडिसनची_मृणाल
२३ जून २०२५, सकाळी ९:१०

माझा मुलगा रडला. निक्सचा कट्टर. त्याला म्हटलं, अरे हा तोच ज्याने आपल्याला हरवलं. तर म्हणतो, म्हणूनच.

बॉक्सस्कोर
२३ जून २०२५, सकाळी ९:५५

थंडरचा आनंद आहे, पण आज उड्या माराव्याशा वाटल्या नाहीत. कोथरूडकर, पहिल्या दिवशी मी जे नशीबाबद्दल लिहिलं होतं ते मागे घेतो. हॅलिबर्टन उभा असता तर हा सामना कुठेही गेला असता. लिलार्ड, टेटम, हॅलिबर्टन: एका प्लेऑफमध्ये तीन अकिलिस, आणि तिघांच्याही जर्सीवर शून्य नंबर.

फक्त_क्रिकेट
२३ जून २०२५, सकाळी १०:२०

त्याला खेळू द्यायला नको होतं. संघाच्या डॉक्टरांनी थांबवायला हवं होतं. पंचविशीतला मुलगा आहे.

अस्थितज्ज्ञ
२३ जून २०२५, रात्री ९:३५

मी हाडांची डॉक्टर आहे, धागा सुरुवातीपासून वाचते, आज लिहावंसं वाटलं. पोटरीचे स्नायू खाली येऊन ज्या जाड दोरीने टाचेच्या हाडाला जोडले जातात ते अकिलिस टेंडन. थांबलेला माणूस जेव्हा एकदम पुढे झेपावतो, तेव्हा मागच्या पायाच्या टेंडनवर सर्वाधिक ताण येतो. रुग्ण हमखास एकच वर्णन करतात, मागून कोणीतरी लाथ मारली असं वाटलं, वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. आजचा प्रसंग अगदी तसाच होता.

पोटरी दुखावलेली असली की पाय टाकण्याची पद्धत बदलते, टेंडनवरचा भारही बदलतो. २०१९ मध्ये केविन ड्युरांटचं असंच झालं. पोटरी दुखावली, फायनलच्या पाचव्या सामन्यात परतला आणि अकिलिस गेलं. पण पोटरीमुळेच टेंडन तुटलं असं टीव्हीवर बघून कोणीही छातीठोक सांगू नये. टेटमच्या पोटरीची अशी काही बातमी नव्हती. बरं व्हायला साधारण नऊ महिने ते वर्ष धरा. ड्युरांट पूर्ण एक मोसम बसला आणि नंतर पुन्हा पहिल्यासारखा खेळला, हेही लक्षात ठेवा.

कोथरूडकर_पेसर
२४ जून २०२५, सकाळी ८:००

डॉक्टर, फार उपयोगी लिहिलंत, आभार. त्याची शस्त्रक्रिया काल झाली. त्याने स्वतः लिहिलंय की पुन्हा वेळ आली तर पुन्हा असाच उतरेन. @फक्त_क्रिकेट, मला त्याचं म्हणणं पटतं. फायनलचा सातवा सामना बहुतेक खेळाडूंच्या वाट्याला आयुष्यात एकदाही येत नाही. धोका समोर ठेवून तो स्वतः उतरला. त्याला 'थांबवायला हवं होतं' म्हणणं म्हणजे तो निर्णय त्याच्या हातून काढून घेणं. वाईट खूप वाटतं, पण दोष कोणालाच देववत नाही.

हूझियर_काकू
२ जुलै २०२५, सकाळी ७:४५

बातमी वाचली का? मायल्स टर्नर गेला. आणि कुठे, मिलवॉकीला! बक्सनी लिलार्डचा करार मोडून त्याचे पैसे पुढच्या वर्षांवर पसरवले आणि टर्नरला चार वर्षांचा, शंभर मिलियनहून जास्तीचा करार दिला.

नागपाडा_११
२ जुलै २०२५, सकाळी ९:००

नाही हो काकू. टर्नर नाही. २०१५ पासून एकाच संघात होता तो. दरवर्षी त्याला विकणार अशा बातम्या यायच्या, दरवर्षी तो तिथेच असायचा. फायनल झाल्यावर गेला?

कोथरूडकर_पेसर
२ जुलै २०२५, सकाळी ९:४०

मला याचा राग आलाय आणि तो मालकांवर आहे. गेल्या वीस वर्षांत पेसर्सनी लक्झरी टॅक्स (पगाराची मर्यादा ओलांडली की लीगला भरायचा दंड) भरलेला नाही. एका सामन्याने विजेतेपद हुकलं. घरचा माणूस, संघाच्या इतिहासात सर्वाधिक ब्लॉक (समोरच्याचे अडवलेले शॉट) ज्याच्या नावावर आहेत असा माणूस, त्याला ठेवायला हात आखडायचा नव्हता. सात फुटांचा सेंटर, जो थ्रीही मारतो आणि रिमही राखतो, असा बाजारात मिळत नाही. हॅलिबर्टनचे निम्मे पास टर्नर बाहेर उभा असल्यामुळे मोकळे व्हायचे.

बॉक्सस्कोर
२ जुलै २०२५, सकाळी १०:३०

मालकांची बाजूही आहे. म्होरक्या वर्षभर बाहेर असणार, मग त्याच वर्षी टॅक्स भरून काय साधणार? टर्नरलाही निवडीचा हक्क होता, त्याने तो वापरला.

कोथरूडकर_पेसर
२ जुलै २०२५, सकाळी १०:५०

टर्नरबद्दल माझी तक्रार नाहीच. दहा वर्षं दिली त्याने. पण टॅक्स एका वर्षाचा असतो आणि करार चार वर्षांचा. २०२६ च्या ऑक्टोबरात हॅलिबर्टन परत उभा राहील तेव्हा त्याच्या बाजूला कोण असेल, हा प्रश्न आहे.

कोथरूडकर_पेसर
८ जुलै २०२५, सकाळी ८:२०

पेसर्सचा कारभार बघणाऱ्या केविन प्रिचर्डने जाहीर केलं: हॅलिबर्टन २०२५-२६ चा पूर्ण मोसम खेळणार नाही. घाई करणार नाहीत. उत्तम निर्णय.

आता पुढच्या वर्षाचं बोलू. नेम्बार्डकडे चेंडू द्यावा, मॅथरिनला सुरुवातीपासून उतरवावं. सेंटरला मेम्फिसहून जे हफ नावाचा खेळाडू आणलाय, उंच आहे, थ्री टाकतो. टर्नर होणार नाही, पण बघू.

फक्त_क्रिकेट
८ जुलै २०२५, सकाळी ९:१५

एक विचारायचं होतं. खूप हरले तर चांगला ड्राफ्ट पिक मिळतो म्हणतात. मग पेसर्सना पुढच्या वर्षी तो मिळेल ना? का तो सियाकमच्या सौद्यात गेला होता?

कोथरूडकर_पेसर
८ जुलै २०२५, सकाळी ९:३५

प्रश्न विचारायला शिकलात हो! गेला होता. २०२६ चा पिक सियाकमसाठी टोरांटोला दिला, तिथून तो न्यू ऑर्लिन्सकडे पोचला. पण जून महिन्यात, फायनल चालू असतानाच, पेसर्सनी यंदाचा तेविसावा पिक देऊन तो परत घेतला. सातव्या सामन्याच्या आधी! तेव्हा कोणी लक्षही दिलं नाही. त्यामुळे पुढचं वर्ष कितीही वाईट गेलं तरी त्याचं फळ आपल्याच घरात येईल. टर्नरच्या बाबतीत ऑफिसवर रागावलोय, पण या सौद्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

ऑक्टोबरात नवीन मोसमाचा धागा काढतो. मृणालताई, निक्सचा नवा प्रशिक्षक कसा वाटतो ते तिकडे लिहा.